अवघड जागीचे दुखणे लपवू नका!

‘अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण आपण हसत हसत वापरतो. परंतु असे दुखणे लपविल्यामुळे माणूस मरणाच्या दारी कसा पोहोचतो, हे शल्यचिकित्सक या नात्याने मी पाहिले आहे.

एका रात्री पंचावन्न वर्षांच्या एका शेतकऱ्याला त्यांच्या मुलाने जीपमधून आणले. अंगात ताप, नाडी जलद, रक्तदाब खाली गेलेला. ‘‘काका, कुठे दुखतंय?’’ असे विचारले, तर ‘‘काही नाही, जरा कणकण आहे,’’ असे उत्तर. धोतर सैल करायला ते तयार होईनात. मुलाला बाहेर पाठवले, तेव्हा कुठे तपासता आले. अंडकोषावरची कातडी सुजून काळी पडली होती, दुर्गंधी येत होती. पाच दिवसांपूर्वी गुदद्वाराजवळ गळू झाले होते. घरात सांगायचे कसे, म्हणून हळदीचा लेप लावून ते गप्प बसले होते. रक्तातील साखर चारशेच्या वर गेलेली. आपल्याला मधुमेह आहे याचा त्यांना पत्ताच नव्हता.

या आजाराला ‘फूर्निए गँगरीन’ म्हणतात. पॅरिसचे डॉक्टर फूर्निए यांनी १८८३ साली पाच तरुण रुग्णांवरून त्याचे वर्णन केले. त्यांना कारण सापडले नव्हते. आज ते बहुतेक वेळा सापडते. गुदद्वाराजवळचे गळू, लघवीच्या मार्गातील अडथळा किंवा एखादी लहानशी जखम, येथून अनेक प्रकारचे जंतू एकदम आत शिरतात. बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, रक्तपुरवठा तुटतो आणि कातडीखालचा थर सडू लागतो. ही सडण काही तासांतच जांघेकडे, पोटाकडे सरकते.

आजार विरळा आहे. पुरुषांत अधिक आढळतो, पण स्त्रियांनाही होतो. सर्वात जास्त धोका मधुमेहींना. त्याखालोखाल दारूचे व्यसन, लठ्ठपणा, मूत्रपिंडाचे विकार आणि प्रतिकारशक्ती घटलेले रुग्ण. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा आजार क्वचित दिसल्याने अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली इशारा दिला. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे.

नुसत्या इंजेक्शनांनी हा आजार बरा होत नाही. मेलेल्या भागात रक्त पोहोचत नाही, मग औषध कसे पोहोचणार? सडलेला सर्व भाग तातडीने कापून काढावा लागतो. एक-दोन दिवसांनी जखम पुन्हा पाहून उरलेला भाग काढावा लागतो. सोबत प्रतिजैविके, सलाईन आणि इन्शुलिन. वृषणांना रक्तपुरवठा वेगळा, पोटातून येतो. त्यामुळे ते बहुधा वाचतात.

एवढे करूनही अनेक रुग्णालयांच्या अहवालांत शेकडा वीस ते चाळीस रुग्ण दगावल्याचे आढळते. उतारवय, मूत्रपिंड निकामी होणे, जंतुदोष रक्तात भिनणे आणि शस्त्रक्रियेस झालेला उशीर यांमुळे धोका वाढतो. यांपैकी उशीर टाळणे तेवढे आपल्या हाती असते.

म्हणून लक्षात ठेवा. जांघेत, अंडकोषावर, योनीजवळ किंवा गुदद्वाराभोवती सूज व लाली असून दिसते त्यापेक्षा वेदना फार जास्त असतील, ताप येत असेल, कातडी जांभळी-काळी पडत असेल किंवा दाबल्यावर कुरकुर लागत असेल, तर सकाळची वाट न पाहता शल्यचिकित्सक असलेले रुग्णालय गाठा. शेक, लेप, घरच्या घरी गळू फोडणे नको. मधुमेहींनी त्या जागेचे साधे गळूही अंगावर काढू नये.

त्या काकांवर तीन शस्त्रक्रिया झाल्या. मांडीची कातडी काढून जखमेवर लावावी लागली. दीड महिन्याने ते आपल्या पायांनी घरी गेले. जाताना त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टर, गळू झालं तेव्हाच आलो असतो तर?’’

मी म्हणालो, ‘‘काका, बहुधा एका चिरेवर भागलं असतं.’’