डबा उघडण्याआधी



२०१८-१९ च्या सुमाराला जबलपूरमधल्या कुठल्याही मराठी घरात जा, गणपतीची आरती असो, हळदीकुंकू असो की कुणाची साठीशांत, एकच वाद कानावर पडायचा. दिवसातून दोनदाच जेवायचं, की दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खायचं? डॉ. जगन्नाथ दीक्षितांची भाषणं यूट्यूबवरून घरोघरी पोचली होती, आणि दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर होत्या. नवरा दीक्षितांकडे आणि बायको दिवेकरांकडे, अशीही घरं मी पाहिली आहेत. स्वयंपाकघर बिचारं एकच!

मी दोघांनाही मन लावून ऐकलं. दीक्षितांच्या पद्धतीचं मूळ नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारात आहे. दोन जेवणं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं, हे आता सगळ्यांना पाठ आहे. पण त्यांची पहिली पायरी वेगळी आहे. ते आधी सांगतात, की तुम्हाला कडकडून भूक कधी लागते ते ओळखा आणि त्या दोन वेळा ठरवा. आम्ही मंडळींनी ५५ हा आकडा तेवढा उचलला आणि हे वाक्य मागे ठेवलं. किती वेळा खायचं यावर तासन् तास भांडलो. भूक नसताना आपण का खातो, हे कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं या ‘का’पाशीच आहे.

फौजेत तीस-बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वजनाचा धाक नवा नसतो. दरवर्षी मेडिकल, उंची आणि वयाप्रमाणे ठरलेलं वजन, ते फार वर गेलं की कॅटेगरी खाली. मेडिकलच्या आधी दहा दिवस फक्त सूप पिऊन राहणारे आणि नंतरच्या बड्या खान्याला सगळं वसूल करणारे भरपूर पाहिले. तरी एकंदरीत गाडी रुळावर राहायची, कारण दिवस बांधलेला असतो. सकाळी पीटी, संध्याकाळी गेम्स, ठरल्या वेळी मेस. निवृत्तीनंतर तो बांध सुटतो.

तीन वर्षांपूर्वी माझं एचबीए१सी ६.३ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. माझ्या वडिलांचा पाय मधुमेहाने गेला होता, त्यामुळे तो कागद हातात घेऊन सौ. दोन दिवस काही बोलली नाही. डॉक्टरांनी तक्ता दिला. मी त्यासोबत आणखी एक गोष्ट केली: एका जुन्या डायरीत, जेवणाव्यतिरिक्त जे काही तोंडात टाकलं त्याच्यापुढे वेळ लिहिली, आणि तेव्हा पोटात भूक होती का ते लिहिलं.

महिन्याभरात चित्र दिसलं. जवळजवळ सगळ्या नोंदी संध्याकाळी साडेपाच ते सातच्या मधल्या. भुकेच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘नाही’. ही गेम परेडची वेळ. तीस वर्षं या वेळी आजूबाजूला चाळीस-पन्नास माणसं, आरडाओरडा, घाम. आता लेक टोरांटोला, सौ. देवळात, आणि घरात मी आणि चिवड्याचा डबा. फोनवर लेकीशी बोलणं झालं, की त्यानंतरच्या अर्ध्या तासात हमखास एक नोंद. मंडळी, त्या तक्त्यात कॅलरी होत्या, ग्रॅम होते. टोरांटोचा रकाना नव्हता.

आता दुसरी बाजू. बंदी घातली की काय होतं, याचा एक फार जुना आणि मोठा प्रयोग आहे. नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण घेतले. महायुद्धामुळे उपाशी झालेल्या युरोपातल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. हे तरुण बंदूक हाती घ्यायला नकार देणारे होते. फौजी असूनही मी त्यांना सॅल्यूट करतो, कारण त्यांनी जे सोसलं ते सोपं नव्हतं. सहा महिने त्यांना रोज साधारण १५७० कॅलरी दिल्या आणि भरपूर चालवलं. वजन सुमारे चौथ्या हिश्शाने उतरलं. पण डोक्यात काय झालं ते बघा. ते पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, ताटं चाटायचे, जेवण तासभर लांबवायचे, चिडायचे, उदास व्हायचे. पुढे पोटभर मिळायला लागल्यावरही काहींची खा-खा बरेच दिवस थांबली नाही. आणि १५७० हा आकडा ओळखीचा वाटतो ना? आपल्याकडचे कितीतरी डाएटचे तक्ते याच्याही खाली असतात.

१९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. काही मुलींना आधी मिल्कशेक दिला आणि मग चव बघायला म्हणून आइस्क्रीम पुढे ठेवलं. ज्या डाएट करत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. ज्या डाएटवर होत्या, त्यांनी उलट जास्त खाल्लं. आजचा नियम मोडलाच आहे, मग आता कशाला थांबा! आपल्याकडे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या आजीला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

म्हणून कमानिया गेटजवळची खोव्याची जलेबी मी बंद केलेली नाही. डॉक्टरांना विचारून, महिन्यातून एका रविवारी, सौ.बरोबर, दुकानापुढे उभं राहून एक गरम जलेबी. घरी पार्सल आणत नाही. साडेपाचला ग्वारीघाटाकडे चालायला निघतो. आम्ही चार पेन्शनर आहोत, एकाचे गुडघे आमच्या सगळ्यांचा वेग ठरवतात. डबा उघडावासा वाटला, तर आधी डायरीत एक ओळ लिहितो. लिहूनही खावंसं वाटलं तर वाटीत काढून, खुर्चीत बसून खातो. डब्यातून थेट नाही.

पहिल्या वर्षात चार किलो उतरले, गेल्या दिवाळीत दोन परत आले. एचबीए१सी सध्या ५.९ आहे. सौ. आता रिपोर्ट स्वतः उघडून बघते.

आग्रहाचं मात्र अजून जमलेलं नाही. ‘घे रे, एवढंसं’ म्हणणाऱ्या ऐंशी वर्षांच्या मावशीला नाही म्हणणं म्हणजे तिच्या मायेला नाही म्हणणं, असं तिला वाटतं. मी पुरणपोळी अर्धी घेतो, तिच्यासमोर सावकाश खातो आणि तिला तिच्या माहेरच्या सागरच्या गोष्टी विचारतो. उरलेली अर्धी बहुतेक वेळा ती विसरते.

दोन गोष्टी स्पष्ट सांगतो. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना न विचारता जेवण वगळू नका. साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि कुणाला वारंवार असं होत असेल, की थोड्या वेळात खूप खाल्लं जातं, थांबता येत नाही, नंतर लाज वाटते म्हणून लपून खाल्लं जातं, तर त्याला खादाडपणा म्हणून हसू नका. २०१३ पासून मानसोपचाराच्या अधिकृत वर्गीकरणात तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदला आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जायला संकोच वाटत असेल, तर टेलि-मानसचा सरकारी क्रमांक १४४१६ आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या भागात गुडघेदुखी असताना किती आणि कसं चालायचं, यावर बोलू. आमच्या चौथ्या भिडूला त्या दिवशी सोबत आणणार आहे. जय हिंद.