चोवीस तासांचा कागद

अलीकडेच एका महाविद्यालयात पदवीच्या अखेरच्या वर्षातील विद्यार्थ्यांशी ‘नोकरी, संसार आणि आरोग्य’ या विषयावर बोलण्याचा योग आला. व्याख्यानाऐवजी मी प्रत्येकाला एक कागद दिला. आदल्या दिवशी आईने व वडिलांनी कोणत्या तासाला काय केले, ते त्यावर लिहायचे होते.

वडिलांचा दिवस पाच मिनिटांत भरला. आईच्या दिवसापाशी मात्र हात थांबले. एका मुलाने रात्री दहानंतरचे रकाने कोरेच ठेवले. म्हणाला, “सर, आई झोपते केव्हा, हे मला ठाऊकच नाही.” वर्गात कोणी हसले नाही.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरातील बिनमोबदला कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. ती करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. दुसरीकडे, आठवड्याला ५५ वा अधिक तास नोकरी-व्यवसायात घालवणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये सांगितले. म्हणजे घराबाहेर अतिश्रम करणारा आणि घरात कधीच न थांबणारी, दोघेही अखेर दवाखान्याची पायरी चढतात.

येथे माझीही चूक कबूल करतो. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून देताना ‘रोज अर्धा तास चाला’ असे मी कित्येक गृहिणींना वर्षानुवर्षे सांगत आलो. तो अर्धा तास त्यांना कोणी मोकळा करून द्यायचा, हे मात्र कधी विचारले नाही. आता मी सोबत आलेल्या पतीला किंवा मुलाला समोर बसवतो आणि त्या वेळेतील एक काम त्याच्या नावे लिहून देतो. औषध रुग्णाला असले, तरी पथ्य घराला असते.

विद्यार्थ्यांनाही हेच सांगितले: लग्न ठरवताना पगार विचारता, तसे स्वयंपाक, मुले आणि आजारपण कोण सांभाळणार, हेही आधी बोला.

येत्या रविवारी आपणही सारे एकत्र बसून असा कागद भरा. दुसऱ्याचा दिवस आपण लिहायचा आणि चुका त्याने दुरुस्त करायच्या. मग एक काम कायमचे दुसऱ्या हाती सोपवा. ‘मदत’ म्हणून नव्हे, जबाबदारी म्हणून.

त्या मुलाला मी एवढेच म्हणालो, “आज रात्रीची भांडी तू आवर. आई केव्हा झोपते, ते कळेल; कदाचित ती थोडी लवकरही झोपेल.”