रिकामी गादी आणि नवा गळा

गेल्या रविवारी पाचगणीस सेंट पीटर्स शाळेवरून जाताना, तेथेच शिकलेला आणि 'द हेक्टिक्स' या शालेय बँडमध्ये पियानो वाजविणारा फारुख बुलसारा, म्हणजेच पुढे जगद्विख्यात झालेला फ्रेडी मर्क्युरी, मला साहजिकच आठवला.

1991 साली तो निवर्तल्यावर त्याच्या 'क्वीन' या बँडमधील गायकाची गादी कायमची रिकामी झाली, असेच आम्हां चाहत्यांनी गृहीत धरले होते. मध्यंतरी पॉल रॉजर्स या बँडसोबत गायला. पण त्याचा पिंड ब्लूजचा, माझे मन काही रमले नाही.

'अमेरिकन आयडॉल'मधून पुढे आलेला अ‍ॅडम लॅम्बर्ट मात्र, 2012 पासून या बँडसोबत दौरे करीत असताना, फ्रेडीची नक्कल करण्याच्या फंदात न पडता, आपणही त्याचे एक चाहतेच आहोत हे भर मंचावरून कबूल करतो. आणि जाहिरातीतही नाव असते ते 'क्वीन अधिक अ‍ॅडम लॅम्बर्ट', हा प्रामाणिकपणा मला विशेष भावतो.

याच मैफलींत बँडचा गिटारवादक ब्रायन मे एकटाच गिटार घेऊन 'लव्ह ऑफ माय लाइफ' गातो आणि पडद्यावर दस्तुरखुद्द फ्रेडी अवतरतो, तेव्हा सारे प्रेक्षागृह गाऊ लागते.