आधी शेपटीकडे बघा

फ्लाइंग क्लबात येणारे पाहुणे पायलटसोबत फोटो काढतात. आम्ही हँगरमधली माणसं तेव्हा विमानाच्या शेपटीपाशी उकिडवी बसलेली असतो. पुष्पकसारख्या विमानात निम्मी काळजी तिथंच असते.

बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं हे दोन आसनी विमान १९५८ मध्ये पहिल्यांदा उडालं. तिथल्या डिझाइनची धुरा तेव्हा डॉ. वि. मा. घाटगे या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर कापड, ९० अश्वशक्तीचं कॉन्टिनेंटल इंजिन. पुढं दोन चाकं, तिसरं शेपटीखाली. सेल्फ स्टार्टर नाही. पंखा हातानं फिरवायचा.

त्या कामात आमच्या हँगरमधल्या काकांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा एक नवा पोरगा पंख्याला कोपर टेकून गप्पा मारत होता. काका गरजले, "हात काढ! पंखा जिवंत आहे असंच समजायचं!" स्विच तर बंद होता. मग काकांनी समजावलं, की मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. पंखा हलला की तो स्वतःच ठिणगी देतो. स्विच बंद केल्यावर एका वायरीतून तो फक्त अर्थ होतो. ती वायर तुटली, तर स्विच 'बंद' दाखवतो आणि मॅग्नेटो चालूच राहतो. म्हणून इंजिन थांबवण्याआधी, मंद वेगावर, स्विच क्षणभर बंद करून बघायचाच, हा काकांचा दंडक. एका संध्याकाळी स्विच बंद केला तरी इंजिन फिरतच राहिलं. पेट्रोलचा कॉक बंद करून ते थांबवलं. काउलिंग उघडलं, तर वायर टर्मिनलपाशी तुटलेली. सकाळी त्याच पंख्याला कुणीतरी निर्धास्त हात लावला असता.

दुसरा किस्सा पावसाळ्यातला. विमान वळवायला आम्ही शेपटी हातानं उचलायचो. एका सकाळी काका थबकले. "आज जड लागतंय." उभ्या विमानात शेपटी सगळ्यात खाली असते, म्हणून पाणी निघून जायला तिथल्या कापडात बारीक भोकं ठेवलेली असतात. ती चिखलानं बुजली होती. काडी घातल्यावर पाण्याची धार लागली. पाण्यानं नळ्या गंजतात. शिवाय शेपटीला वजन वाढलं, की गुरुत्वमध्य मागं सरकतो आणि स्पिनमध्ये गेलेलं विमान सावरणं अवघड होतं. नळ्या तपासून होईपर्यंत ते विमान हँगरबाहेर गेलं नाही.

तिसरा किस्सा धावपट्टीवरचा. या विमानाचा गुरुत्वमध्य पुढच्या चाकांच्या मागं असतो. त्यामुळे जमिनीवर नाक जरा भरकटलं, की शेपटी पुढं धावू बघते. पायलटनं वेळेवर रडर दिला नाही, तर विमान गर्रकन फिरतं आणि पंखाचं टोक जमिनीला घासतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. एका विद्यार्थ्यानं सुरेख लँडिंग केलं आणि खुशीत पाय सैल सोडले. शेजारच्या कॅप्टननी झटकन रडर दाबून विमान सरळ ठेवलं. हँगरशी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "चाकांना चोक लागेपर्यंत आपण उडतोच आहोत."

आता येणारी मुलं नाकाखाली चाक असलेल्या विमानांवर शिकलेली असतात. त्यांच्या हाती पाना देण्याआधी मी त्यांना रोज शेपटी उचलायला लावतो. नेहमीचं वजन अंगवळणी पडलं, की जास्तीचं वजन हातालाच कळतं.