पेयाच्या छायाचित्रात उजेड कोठून यावा?

बुऱ्हाणपूरची ओळख सांगताना दोन गोष्टी हमखास येतात: केळी आणि कुंडी भंडारा. मध्य प्रदेशातील या जिल्ह्यासाठी ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत केळीची निवड झाली आहे. १६१५ च्या सुमारास अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात उभारलेली कुंडी भंडाऱ्याची भूमिगत जलव्यवस्था २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. तेथील पाण्याचा पेला, केळ्याचा मिल्कशेक आणि आपले गोव्याचे कोकम सरबत शेजारी ठेवून छायाचित्र घेतले, तर एकाच उजेडात तिन्ही नीट दिसणार नाहीत. घरगुती पेये समाजमाध्यमांवरून विकणाऱ्यांची नेमकी अडचण हीच असते. ग्राहकापर्यंत चवीआधी चित्र पोहोचते.

पाण्याला रंग नाही आणि काचेलाही नाही. डोळ्यांना दिसतात त्या केवळ कडा. म्हणून छायाचित्रकार दोन मार्ग वापरतात. पेल्यामागचा पांढरा पडदा उजळला, की काचेच्या कडा गडद रेषांसारख्या उमटतात. याउलट पार्श्वभूमी काळी ठेवून बाजूंनी, किंचित मागून उजेड दिला, तर त्याच कडा चमकू लागतात. कुंडी भंडाऱ्यात सुमारे ८० फूट खाली उतरल्यावर हा दुसरा मार्ग निसर्गतःच दिसतो: भोवती काळोख, आणि कुंडीच्या तोंडातून येणाऱ्या उजेडाने लकाकणारे पाणी. रंगहीन काजू फेणीच्या बाटलीलाही हेच नियम लागू पडतात.

कोकम सरबत रंगीत, तरीही पारदर्शक. त्यावर समोरून उजेड टाकला, तर ते काळपट दिसते. रंग खुलतो तो उजेड द्रवातून आरपार आल्यावरच. त्यासाठी पेल्यामागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही इतका लहान पांढरा किंवा चंदेरी पुठ्ठा तिरका ठेवावा. खिडकीतला उजेड त्यावरून परतून सरबतातून पुढे येतो आणि माणकासारखा लाल रंग दिसू लागतो.

मिल्कशेकमधून मात्र उजेड आरपार जात नाही. सोलकढीचेही तसेच. येथे दिसायला हवा तो दाटपणा आणि वरचा फेस. बाजूने, थोडा मागून येणारा उजेड फेसाचे बुडबुडे उठावदार करतो. समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा धरला, की सावली सौम्य होते. केळ्याचा गर हवेतील प्राणवायूच्या संपर्काने तपकिरी पडत जातो. म्हणून आधी दुसरा पेला ठेवून सगळी मांडणी आणि उजेड ठरवावा, शेक शेवटी ओतावा. सजावटीच्या चकत्यांना लिंबाचा रस लावल्यास त्या काळ्या पडण्यास वेळ लागतो.

महागडी साधने आवश्यक नाहीत. थेट उन्हाने काचेवर पांढरे डाग पडतात. खिडकीला पातळ पांढरा पडदा किंवा बटर पेपर लावल्यास उजेड पसरतो. त्या वेळी खोलीतील दिवे बंद ठेवावेत, अन्यथा दोन प्रकारच्या उजेडांत पेयाचा खरा रंग हरवतो.

प्रश्न उरतो तो प्रामाणिकपणाचा. पेल्यावरचे थेंब टिकावेत म्हणून पाण्यात ग्लिसरीन मिसळून बाहेरून फवारतात, वितळू नये म्हणून ॲक्रिलिकचा बर्फ वापरतात. त्याने पेयाचे स्वरूप बदलत नाही. परंतु पातळ शेक चित्रापुरता दाट करणे किंवा सरबतात वेगळा रंग मिसळणे ही फसवणूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लहान विक्रेत्याचे खरे नुकसान मात्र त्याआधीच झालेले असते: चित्र पाहून आलेला ग्राहक पहिल्या घोटानंतर परत येत नाही. उजेडाने पेयाचा असलेला गुण दाखवावा, नसलेला चिकटवू नये.