बेरजेच्या आत दडलेला हिशेब

ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर आणि भिवंडी या पट्ट्यात आज आपल्या समाजातील अनेक कुटुंबे नोकरीबरोबरच स्वतःच्या उद्योगाकडेही वळत आहेत. त्यांचे हिशेब बहुधा संगणकावर असतात. वर्षअखेरीस नफा-तोटा पत्रक हाती पडते. परंतु नफा कोणत्या दुकानाने मिळवला आणि कोणत्या दुकानाने गिळला, हे त्या एका बेरजेवरून समजत नाही. ते समजून घेण्याची सोय हिशेबाच्या संगणकप्रणालीतच असते. तिचा उपयोग कसा करावा, हे येथे सांगावयाचे आहे.

समजा, शालेय गणवेश शिवून विकणाऱ्या एका उद्योगाची ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथे तीन दुकाने आहेत. वर्षाचा निव्वळ नफा 3,00,000 रुपये. चित्र समाधानकारक दिसते. दुकानवार विभागणी केल्यावर मात्र ठाण्याचा नफा 3,60,000, कल्याणचा 1,20,000 आणि डोंबिवलीचा तोटा 1,80,000 रुपये असल्याचे उघड होते. डोंबिवलीच्या जागेचा भाडेकरार पुढे चालवावा की नाही, तेथील कारागिरांना अन्यत्र काम देता येईल का, हे प्रश्न आता वेळेवर विचारता येतात. जीएसटीच्या विवरणपत्रातून हे कळले नसते, कारण एकाच राज्यातील शाखा एकाच नोंदणी क्रमांकाखाली येऊ शकतात.

यावर पुष्कळजण एक सोपा वाटणारा उपाय करतात. ‘वीज-ठाणे’, ‘वीज-कल्याण’, ‘वीज-डोंबिवली’ अशी निराळी खाती उघडतात. खर्चाची 20 खाती असतील तर तीन दुकानांसाठी 60 होतात; त्यांत शाळा, कंपन्या व किरकोळ असे ग्राहकांचे तीन प्रकार मिसळले की 180. खतावणी मग अरण्यासारखी होते. त्याऐवजी खाते एकच ठेवून प्रत्येक रकमेवर तिच्या स्थानाची व प्रकाराची खूण करावी. 20 खाती, 3 दुकाने आणि 3 प्रकार अशा 26 नावांत तेच काम होते.

आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या टॅलीमध्ये या खुणेला ‘कॉस्ट सेंटर’ आणि अशा खुणांच्या गटाला ‘कॉस्ट कॅटेगरी’ म्हणतात. झोहो बुक्समध्ये हेच काम ‘रिपोर्टिंग टॅग’ करतात. टॅलीप्राइममध्ये प्रथम एफ11 ही कळ दाबून कॉस्ट सेंटरची सोय सुरू करावी. नंतर ‘दुकान’ आणि ‘ग्राहक’ अशा दोन कॅटेगरी तयार करून त्यांखाली सेंटर नोंदवावीत. शेवटी ज्या खात्यांची विभागणी हवी, त्या खात्यांत कॉस्ट सेंटर लागू असल्याचे नमूद करावे. ही शेवटची पायरी राहून गेली तर नोंद करताना प्रणाली विभागणी विचारतच नाही.

दोन कॅटेगरी असल्या की तीच रक्कम दोन्हींत पूर्णपणे विभागली जाते. वरील उद्योगात ग्राहकवार पाहिल्यास शाळांकडून 2,40,000 आणि कंपन्यांकडून 1,10,000 रुपये नफा, तर किरकोळ विक्रीत 50,000 रुपये तोटा असेल. बेरीज पुन्हा 3,00,000च. एखाद्या कॅटेगरीची बेरीज मूळ नफ्याशी जुळली नाही, तर कोठेतरी खूण राहिली आहे असे समजावे. दोन कॅटेगरींच्या बेरजा एकमेकींत मिळवू नयेत, अन्यथा नफा दुप्पट दिसेल.

सामायिक खर्चाची वाटणी कोणत्या आधारावर करावयाची, हे 1 एप्रिललाच लिहून ठेवावे. टेम्पोच्या 30 फेऱ्यांपैकी ठाण्याला 10, कल्याणला 15 आणि डोंबिवलीला 5 झाल्या असतील, तर 9,000 रुपयांचे डिझेल अनुक्रमे 3,000, 4,500 आणि 1,500 असे वाटावे. वर्षाच्या मध्येच आधार बदलला तर महिन्यांची तुलना निरर्थक ठरते. ‘इतर’ नावाचे सेंटर फुगू लागले, तर वर्गवारी नीट होत नाही असे ओळखावे.

हीच पद्धत आपल्या संस्थांनाही तितकीच उपयुक्त आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, 1950 अन्वये नोंदणीकृत न्यासाने हिशेब ठेवणे व ते तपासून घेणे बंधनकारक आहे. तथापि, ‘मी ग्रंथालयासाठी दिलेल्या पैशांचे काय झाले?’ या देणगीदाराच्या प्रश्नाचे उत्तर एकत्रित ताळेबंदातून सहज मिळत नाही. ‘देणगीचा हेतू’ अशी कॅटेगरी करून तिच्याखाली ग्रंथालय, शिष्यवृत्ती, भोजनगृह अशी सेंटर ठेवल्यास जमा आणि खर्च एकाच ठिकाणी दिसतात. कायम निधीसाठीची देणगी उत्पन्नात न धरता ताळेबंदात जाते. म्हणून त्या कॅटेगरीत उत्पन्न-खर्चाबाहेरील खात्यांचीही विभागणी करण्याची मुभा द्यावी लागते. ही मांडणी आपल्या लेखापरीक्षकांना एकदा दाखवून घ्यावी.

वर्गवारी जितकी अधिक तितकी उत्तम, असा मात्र समज नसावा. आपल्याला कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, हे आधी एका वाक्यात लिहावे आणि त्या निर्णयाला लागेल तेवढीच कॅटेगरी उघडावी. ज्या खुणेचा अहवाल वर्षभरात कोणीही उघडून पाहिला नाही, ती पुढील वर्षी बंद करावी. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास काढून अहवाल वाचला, तर मार्चअखेर कळणारा तोटा जूनमध्येच लक्षात येतो आणि तो सावरण्यासाठी नऊ महिने हाती राहतात.