तह कोणी केला, हप्ते कोणी फेडले

एसेन, जर्मनी

पाचाडच्या मंडळींनो,

पहिल्या महायुद्धाच्या देण्यातला शेवटचा हप्ता जर्मनीने भरला तो ३ ऑक्टोबर २०१० रोजी. युद्ध थांबलं होतं १९१८ साली. मधल्या काळात राजवटी बदलल्या, दुसरं महायुद्ध झालं, देशाचे दोन तुकडे होऊन पुन्हा जुळले. भरपाई फेडायला काढलेल्या कर्जरोख्यांचं व्याज मात्र बाकीच होतं. ‘तिकडची माणसं कर्जाला एवढी का बिचकतात?’ असं तुम्ही फोनवर विचारता. उत्तराचा बराचसा भाग मी राहतो त्या रूर खोऱ्यातच आहे.

व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. त्यात जर्मनीवर लादलेल्या युद्धभरपाईची रक्कम ठरली १९२१ मध्ये : १३२ अब्ज सुवर्णमार्क. त्यात कोळसा आणि लाकूडही द्यायचं होतं. ते ठरल्याप्रमाणे पोचलं नाही म्हणून ११ जानेवारी १९२३ ला फ्रेंच आणि बेल्जियन फौजा इथे घुसल्या. लोकांनी असहकार पुकारला आणि संपावरच्या कामगारांचे पगार सरकारने नोटा छापून भागवले. ३१ मार्चला एसेनमधल्या क्रुपच्या कारखान्यात फ्रेंच सैनिकांनी गोळीबार केला. तेरा कामगार गेले.

त्या वर्षीची एक नोट इथल्या जुन्या बाजारात आजही मिळते. मूळची हजार मार्कांची, तारीख डिसेंबर १९२२ ची, आणि तिच्यावर लाल शाईत ठसा : एक अब्ज मार्क. कागद तोच, किंमत दहा लाख पटींनी वाढवलेली. नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. जन्मभराची शिल्लक मातीमोल झाली. सगळा दोष भरपाईला देता येणार नाही; कैसरच्या सरकारने युद्धच मुळी कर्जावर लढलं होतं. पण घरातली पुंजी गेलेल्या माणसाला हिशेबातला हा बारकावा कोण समजावणार?

माझ्या मते खरा घात रकमेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीने केला. सप्टेंबर १९१८ मध्ये ‘ताबडतोब युद्धबंदी करा’ म्हणून घाई केली ती हिंडेनबुर्ग आणि लुडेनडोर्फ या सेनापतींनी. सही करायला मात्र पाठवलं एर्त्सबर्गर या राजकारण्याला. मग हिंडेनबुर्गनेच सांगितलं की सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला. १९२१ मध्ये एर्त्सबर्गरचा खून झाला, पुढच्या वर्षी परराष्ट्रमंत्री राटेनाऊंचा. राटेनाऊंचं म्हणणं एवढंच होतं की शक्य तेवढे हप्ते भरू, म्हणजे मागणी किती अशक्य आहे हे जगाला दिसेल. हरले ते सेनापती, आणि देशद्रोही ठरले हप्ते भरणारे.

आपल्याला तहाची गोष्ट नवी नाही. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले. आपल्या पाचाडच्या डोक्यावरची रायरी, म्हणजे पुढचा रायगड, उरलेल्या बारांत राहिली. शिवाय विजापूरकरांच्या मुलखाच्या बदल्यात चाळीस लाख होन हप्त्याने द्यायचं कबूल केलं. पण तह ज्यांनी केला, त्याची नामुष्की त्यांनीच अंगावर घेतली, आणि १६७० मध्ये कोंढाण्यापासून किल्ले परत घ्यायला सुरुवातही त्यांनीच केली. दोष टाकायला त्यांनी दुसरं कोणी शोधलं नाही. जर्मनीत नव्या लोकशाहीला जन्मतःच दुसऱ्याच्या पराभवाची सही करावी लागली.

इथली माणसं १९२३ विसरत नाहीत. त्या धास्तीतूनच २००९ मध्ये सरकारी कर्जावरची मर्यादा राज्यघटनेत घातली गेली, असं इथे सर्रास बोललं जातं. १९३२ ची आठवण मात्र फारशी निघत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. १९२४ पासून अमेरिकन कर्जावर गाडा चालला होता; १९२९ नंतर ते आटलं. चॅन्सेलर ब्र्यूनिंगनी पगार आणि सरकारी खर्च कापला. भरपाई झेपत नाही हे दाखवायचं, हाही त्यामागचा एक हेतू होता. बेकार साठ लाखांच्या घरात गेले. लोझानच्या परिषदेत भरपाई जवळजवळ माफ झाली ती जुलै १९३२ मध्ये, आणि त्याच महिन्याच्या निवडणुकीत नाझी पक्ष संसदेत सर्वांत मोठा झाला. ३० जानेवारी १९३३ ला हिटलरला चॅन्सेलर नेमलं ते राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गने. तोच सेनापती.

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिमेकडचे सावकार शहाणे झाले. २७ फेब्रुवारी १९५३ च्या लंडन करारात पश्चिम जर्मनीचं जुनं कर्ज जवळपास निम्मं केलं गेलं आणि फेड निर्यातीच्या कमाईशी जोडली गेली. देणेकऱ्याला कमवू दिलं तर तो फेडतो, हे त्यांनी ओळखलं. काही जुन्या रोख्यांचं थकलेलं व्याज देश एक होईपर्यंत पुढे ढकललं होतं. २०१० चा हप्ता त्यातलाच.

सवलत देणाऱ्यांत ग्रीसही होता, आणि नाझींच्या ताब्यात त्याने उपासमारीने माणसं गमावली होती. दुसऱ्या महायुद्धाची भरपाई ग्रीस आजही मागतो. पोलंडने २०२२ मध्ये सुमारे १.३ लाख कोटी युरोंचा आकडा मांडला. कायद्याने हा विषय मिटला आहे, असं बर्लिनचं ठाम उत्तर आहे. आपल्यावरच्या अटी सैल झाल्या म्हणून उभ्या राहिलेल्या देशाने वॉर्सा आणि अथेन्सशी निदान नव्याने बोलायला बसावं, असं मला मनापासून वाटतं.